सोमवारी व्हर्साय, मंगळवारी लूव्र: दोन्हीकडे कुलूप

पत्र: आम्ही पाच जण १० ते २४ मे २०२६ असे युरोपला निघालोय. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे (वय ६८ आणि ७२). विमानाची तिकिटं झाली आहेत, पॅरिसला उतरून रोमहून परत. मुक्काम असे: पॅरिस ४ रात्री, इंटरलाकेन ३, व्हेनिस २, फ्लॉरेन्स २, रोम ३. टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे नक्की. नवरा म्हणतो, तिकिटं तिथं गेल्यावर काढू, आपण काय शाळेची सहल नेतोय का! नणंदेने बत्तीस ठिकाणांची यादी पाठवली आहे आणि सगळं आत्ताच बुक करा म्हणते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण हौस दांडगी आहे. सोबत आमचा आराखडा जोडते आहे. आधी काय काढायचं आणि काय नाही? पास घ्यावेत का? आणि व्हिसा फ्रान्सचाच ना, पहिल्यांदा तिथे उतरतोय म्हणून?
एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचे यजमान आणि नणंदबाई दोघंही निम्मे बरोबर आहेत. युरोपात बहुतेक गोष्टी गेल्यावर मिळतात. पण ज्या सहा-सात गोष्टींसाठी माणूस मुद्दाम एवढ्या लांब जातो, नेमकी त्यांचीच तिकिटं संपतात. म्हणून जे संपतं तेवढंच आधी काढायचं आणि बाकीचं मोकळं ठेवायचं. पण तिकिटांच्याही आधी वार तपासायला हवेत, कारण तुमच्या आराखड्यात खरी गडबड तिथेच आहे.

तुम्ही सोमवारी ११ तारखेला व्हर्साय, मंगळवारी १२ ला लूव्र संग्रहालय आणि शेवटच्या रविवारी सकाळी व्हॅटिकनची संग्रहालयं ठेवली आहेत. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो, लूव्र मंगळवारी बंद असतं आणि व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती काही तास फुकट उघडतात, पण तो रविवार ३१ मे, तेव्हा तुम्ही नाशकात असाल. (आणि त्या फुकटाच्या रांगेत सासूबाईंना उभं करायचंही नाही.) फ्लॉरेन्सचं उफिझी चित्रसंग्रहालय आणि डेव्हिडचा पुतळा असलेलं अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात, तुम्ही तिथे मंगळवार-बुधवार आहात, म्हणजे सुटलात.

पॅरिसमध्ये लूव्र आणि व्हर्सायची नुसती अदलाबदल केली तरी दारं उघडी मिळतील. पण सोमवारी व्हर्साय आणि ऑर्से संग्रहालय बंद, म्हणून सगळं पॅरिस लूव्रवर लोटतं; मंगळवारी लूव्र बंद, म्हणून तीच गर्दी व्हर्सायला. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं. तेव्हा बुधवारी १३ ला दुपारी चारच्या सुमाराची वेळ घ्या. सकाळचे गट तोवर पांगू लागलेले असतात आणि सासूबाईंना दुपारी जेवून तासभर पाठ टेकता येते. व्हर्साय मंगळवारी ठेवायचंच असेल तर सकाळी ९ ची पहिली वेळ घ्या. आमचं विचाराल तर ते गाळा. राजवाड्यात बसायला जागा कमी, बागा अफाट, आणि चार दिवसांच्या पॅरिसमधला एक अख्खा दिवस त्यात जातो. त्याऐवजी मंगळवारी ऑर्से पाहा. तिथे मोने आणि व्हॅन गॉग आहेत, इमारत जुन्या रेल्वे स्टेशनची आहे आणि अडीच तासांत समाधान होतं.

आता व्हिसा. इथे तुमचा समज चुकतोय. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम सारखे असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. तुमच्या फ्रान्समध्ये चार रात्री आणि इटलीत सात, म्हणजे अर्ज इटलीचाच. फ्रान्सच्या अर्जासोबत हा आराखडा जोडलात तर अर्ज न स्वीकारता परत पाठवू शकतात, आणि मग उन्हाळ्याच्या हंगामात नवी तारीख मिळवण्यात महिना जातो.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो जायला हवा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत लागू शकतात. मार्च-एप्रिलमध्ये सुट्टीवाल्यांची झुंबड उडते, म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज टाका. फी माणशी ९० युरो आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. मुलांची निम्मी फी सहा ते बाराच्या आतल्यांना आहे, तुमच्या मुलीला नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. हॉटेलं रद्द करता येतील अशीच धरा. फेब्रुवारीवर एवढा जोर देण्याचं कारण म्हणजे परत न मिळणाऱ्या पैशांचं पहिलं तिकीट १२ मार्चला निघतं, आणि तोवर पाचही पासपोर्टांवर शिक्के असलेले बरे.

ती १२ मार्च आयफेल टॉवरची. लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात आणि सोमवार ११ मेच्या साठ दिवस आधी तीच तारीख येते. थेट शेंड्याचं तिकीट न घेता दुसऱ्या मजल्याचं घ्या. शेंड्यासाठी दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट बदलावी लागते, पुन्हा रांग लागते, आणि वारा सुटला किंवा गर्दी झाली की शेंडा बंद करतात. शहर ओळखू येतं ते दुसऱ्या मजल्यावरूनच. शेंड्यावरून सगळं नकाशासारखं सपाट होतं. मुलीचं तिकीट बारा ते चोवीस वयाच्या दरात काढा. तिकीट हुकलंच तर जिन्याचा पर्याय तुमच्यासाठी नाही, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. मग समोरच्या त्रोकादेरो चौकातून टॉवर पाहा, फोटो तिथूनच चांगले येतात. एक लक्षात असू द्या: मेमध्ये पॅरिसला अंधार पडायला साडेनऊ होऊन जातात आणि टॉवरची लुकलुक अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं असते. ती दहाच्या आधी दिसायची नाही. आजी-आजोबांना त्या दिवशी दुपारी झोपू द्या.

दुसरी तारीख २३ मार्च, व्हॅटिकनची. ही तिकिटंही ६० दिवस आधी सुटतात, आणि तुम्हाला शुक्रवार २२ मेची सकाळ हवी. तिकीट २० युरो, ऑनलाइन आरक्षणाचे ५ वर. हे पाच वाचवायच्या भानगडीत पडू नका, भिंतीलगतची रांग दोन-अडीच तासांची होऊ शकते. सेंट पीटर्स बॅसिलिका फुकट आहे, तिला तिकीट नाही, फक्त तपासणीची रांग आहे. ती त्याच दिवशी उरका. रविवार २४ मे हा ख्रिश्चनांचा पेंटेकॉस्टचा सण आहे, सकाळी आत मोठी प्रार्थना असते आणि पर्यटकांना मोकळेपणी फिरता येत नाही. संग्रहालयाचं दार आणि बॅसिलिकेचं दार वेगळं आहे. भिंतीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. हे आधी माहीत नसलं की सिस्टिन चॅपल पाहून दमलेली माणसं तिथेच बसकण मारतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कुर्त्याला काहीच अडचण नाही. अडतात ते बर्म्युडा घातलेले पुरुष.

तिसरी तारीख २३ एप्रिल, शनिवार २३ मेच्या कोलोसियमसाठी. इथे तिकिटं ३० दिवस आधीच सुटतात आणि ती नावानिशी असतात. दारावर पासपोर्टाशी ताडून पाहतात. इथे मराठी माणसाची एक खास अडचण होते. आपल्या पासपोर्टावर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेक वेळा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकिटाच्या फॉर्मवर पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. पासपोर्टावर जसं आहे तसंच टाका: पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही नावं, आडनावाच्या रकान्यात आडनाव. सासूबाईंचं घरातलं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं असेल तर पासपोर्ट हातात घेऊनच टाइप करा. साधं तिकीट १८ युरोचं, त्यात शेजारचे प्राचीन अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही येते. खालचे भुयारी भाग आणि रिंगण दाखवणारं २४ युरोचं तिकीट सगळ्यांत आधी संपतं. ते नाही मिळालं म्हणून हळहळू नका, गुडघ्यांसाठी साधंच बरं. कोलोसियममध्ये वर जायला लिफ्ट आहे, फोरममध्ये मात्र दोन हजार वर्षांचे ओबडधोबड दगड आहेत. सासू-सासऱ्यांनी फोरम वरच्या कठड्यावरून पाहावं, तुम्ही तिघं खाली उतरा.

लूव्र, उफिझी आणि अकादेमियाची तिकिटं व्हिसा आल्याबरोबर, मार्चमध्येच काढून टाका. उफिझी बुधवार २० मेला सकाळी सव्वाआठला आणि अकादेमिया मंगळवारी संध्याकाळी, असं जमतं. फ्लॉरेन्सच्या मोठ्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि ठरलेल्या वेळेचंच तिकीट असतं. तिथे तुम्ही आणि मुलगी दोघींचं काढा, पाचांचं काढू नका. खालचं कॅथेड्रल फुकट आहे. शहराचा देखावा सगळ्यांना मिळून पाहायचा असेल तर संध्याकाळी १२ किंवा १३ नंबरच्या बसने पियाझाले मायकेलअँजेलो या टेकडीवरच्या चौकात जा.

पैशांचा एक मुद्दा तुमच्या यजमानांना आवडेल. लूव्र, ऑर्से, व्हर्साय, उफिझी, अकादेमिया, कोलोसियम, रोमचं पँथिऑन ही सगळी अठराच्या आतल्या मुलांना फुकट आहेत, मूल कुठल्याही देशाचं असो. वेळेचं आरक्षण मात्र तिच्या नावेही करावं लागतं आणि पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. व्हॅटिकनमध्ये तिला सवलतीचं तिकीट लागेल. मोठ्यांना लूव्र जानेवारी २०२६ पासून महाग झालंय, युरोपबाहेरच्यांना ३२ युरो. म्हणून कुणी पाच जणांचं ‘फॅमिली पॅकेज’ विकत असेल तर त्यात मुलीच्या फुकटच्या तिकिटाचेही पैसे धरलेत का ते पाहा. बहुतेक वेळा धरलेले असतात.

असली पॅकेजेस शोधात सगळ्यांत वर येतात, कारण तिथे जाहिराती असतात. खरं संकेतस्थळ खाली दडलेलं असतं. व्हॅटिकनच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट व्हीए’ असतं, ते नसेल तर तो दलाल समजा. ‘स्किप द लाइन’ म्हणजे तिकिटाची रांग टळते; सुरक्षा तपासणीची रांग कुणाचीच टळत नाही, तिला वीस मिनिटं ते पाऊण तास धराच. अधिकृत तिकिटं संपली असतील तर गाइडसकट तिकीट घेण्यात काही गैर नाही. दुप्पट पैसे जातात, पण कोलोसियममध्ये चांगला गाइड असला की दगडांना अर्थ येतो. व्हॅटिकनमध्ये मात्र गटाच्या वेगाने चालणं सासूबाईंना झेपणार नाही.

बुकिंग करताना अडतं ते बहुधा कार्डापाशी. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. ते आदल्या दिवशी चालू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा, कारण चार-पाच तिकिटं एकदम घेतली की रक्कम सहज पंधरा हजारांवर जाते. तिकडची साइट पंधरा-वीस मिनिटंच जागा धरून ठेवते; ओटीपी येईपर्यंत ती निसटली की पुन्हा पहिल्यापासून. दोन बँकांची दोन कार्डं समोर ठेवा. वेळेचाही घोळ होतो: २९ मार्चपर्यंत भारत त्यांच्या साडेचार तास पुढे, त्यानंतर साडेतीन. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मार्चच्या त्या दोन तारखांना आपल्याकडे दीड वाजलेला असतो, एप्रिलमध्ये साडेबारा. तिकिटाची मेल स्पॅममध्ये शोधा, पीडीएफ दोन फोनांत उतरवून ठेवा. आणि तिथे गेल्यावर काही काढायची वेळ आली तर ओटीपी भारतातल्या नंबरावरच येणार. बँकेला जोडलेलं सिम घरी ठेवून जाऊ नका, रोमिंगवर त्याला एसएमएस येतो याची खात्री करून घ्या.

उतरण्याच्या दिवशी, रविवारी १० ला, काही म्हणजे काही ठरवू नका. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत आली आहे, पहिल्यांदा येणाऱ्यांचा फोटो घेऊन नोंद करतात. पाच जणांना त्यात किती वेळ लागेल ते त्या दिवशीच्या गर्दीवर आहे. खोलीही दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. संध्याकाळी उत्साह असलाच तर सेन नदीतली बोट. तिचं तिकीट धक्क्यावर मिळतं.

स्वित्झर्लंडचा हिशेब उलटा. तिथे युंगफ्राऊयोख या बर्फातल्या उंच ठिकाणाचं तिकीट आधी काढणं म्हणजे ढग पाहायला पैसे देणं. शुक्रवार १५ आणि शनिवार १६, दोन्ही दिवस मोकळे ठेवा. आदल्या संध्याकाळी हवामान बघा, सकाळी उठल्यावर वरचा थेट कॅमेरा बघा, चित्र स्वच्छ असेल तर निघा. मात्र तुम्ही अगदी गर्दीच्या सुट्टीत सापडला आहात. गुरुवार १४ मे असेन्शनचा सण आहे, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड दोन्हीकडे सुट्टी, आणि लोक शुक्रवार जोडून चार दिवस बाहेर पडतात. त्यामुळे दिवस पक्का झाला की वर जाण्या-येण्याच्या गाडीत जागेचं आरक्षण त्याच संध्याकाळी करून टाका. सुट्टीच्या दिवशी दुकानंही बंद असतात, दूध-ब्रेड लागलं तर स्टेशनातलं दुकान.

युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे आणि इंटरलाकेनहून तुम्ही दोन-अडीच तासांत तिथे पोहोचता. सासऱ्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वर गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं नुसतं बसा, मग हळू चाला. बर्फ दिसल्या दिसल्या धावत सुटणाऱ्यांनाच चक्कर येते.

पासाचं म्हणाल तर स्विस ट्रॅव्हल पासात वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतचा प्रवास येतो आणि पुढे वरपर्यंत फक्त पंचवीस टक्के सूट. हाफ फेअर कार्डात सगळीकडे निम्मं भाडं, युंगफ्राऊलासुद्धा. तुमचा मोठा खर्च तो एकच असल्याने हाफ फेअर स्वस्त पडण्याची शक्यता जास्त. रेल्वेच्या साइटवर बासेल (पॅरिसची गाडी तुम्हाला तिथे सोडते) ते इंटरलाकेन आणि वरचं भाडं टाकून एकदा बेरीज करा. दोन्हींबरोबर फॅमिली कार्ड मोफत मागून घ्या, आईवडिलांसोबत मुलगी फुकट. नुसत्या आजी-आजोबांबरोबर ती गेली तर चालणार नाही. पॅरिसचा म्युझियम पास मात्र सोडा. आयफेल त्यात नाही, लूव्रला पास असूनही वेळ वेगळी घ्यावी लागते, आणि दोन संग्रहालयांत तो वसूल होत नाही.

रेल्वेत एकच गोष्ट कळीची आहे. वेगवान गाड्यांचं भाडं जसजशी तारीख जवळ येते तसतसं चढत जातं. तुमच्या १४ तारखेच्या पॅरिस-बासेल गाडीला तर सुट्टीची गर्दी आहे, ते तिकीट व्हिसा आला की पहिलं काढा. व्हेनिस-फ्लॉरेन्स आणि फ्लॉरेन्स-रोम यांचंही तेव्हाच. युरोपभर चालणारा रेल्वे पास चार-पाच प्रवासांना परवडत नाही, शिवाय या गाड्यांत आरक्षणाचे पैसे वेगळे. व्हेनिसला सांता लुचिया आणि मेस्त्रे अशी दोन स्टेशनं आहेत, पाण्यातलं व्हेनिस म्हणजे सांता लुचिया. फलाटाचा नंबर गाडीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो, हमाल नसतो, मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. ज्याची बॅग त्याला स्वतः उचलता आली पाहिजे, या एका नियमाने निम्मी भांडणं मिटतात. इटलीत संप वरचेवर होतात, पण त्याची सूचना आधी निघते. निघायच्या आठवडाभर आधी तारखा पाहून ठेवा.

व्हेनिसमध्ये आधी काढावं असं फारसं काही नाही. एप्रिल ते जुलै काही ठराविक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, पण सूट मिळाल्याचा कोड शहराच्या साइटवरून काढून ठेवावा लागतो. हॉटेल मात्र डोकं लावून निवडा. प्रत्येक पूल म्हणजे पायऱ्या चढा आणि उतरा, बॅगेसकट. नकाशावर वाहतूक बोटीच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत मध्ये एकही पूल नाही, असंच घ्या. बोटीचं एक तिकीट साडेनऊ युरोचं, ७५ मिनिटांचं. ४८ तासांचा पास ३५ चा. सासूबाई चालण्याऐवजी बोटीतच फिरणार, म्हणून पास घ्याच.

गुडघ्यांसाठी आणखी एक सांगायचं तर लूव्र आणि व्हॅटिकन दोन्हीकडे व्हीलचेअर मोफत मिळते. पुष्कळ आज्या नको म्हणतात. ‘तुम्हाला नाही, पर्स आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला घेतोय’ असं म्हणून घ्या, तासाभरात कोण बसलंय ते दिसेल.

नणंदबाईंच्या यादीतली पिसा, मिलानचं ‘लास्ट सपर’ हे चित्र आणि ॲमस्टरडॅमजवळची ट्यूलिपची बाग ही तीन सरळ खोडा. पिसाला फ्लॉरेन्सहून जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो आणि तुमच्याकडे फ्लॉरेन्सचे दोनच आहेत. ‘लास्ट सपर’ची तिकिटं दर तीन महिन्यांनी एकदम सुटतात आणि आत पंधरा मिनिटं मिळतात, त्यासाठी इंटरलाकेनहून व्हेनिसला जाताना बॅगा घेऊन मिलानला मुद्दाम थांबण्यात अर्थ नाही. ट्यूलिपची बाग तुम्ही पॅरिसला उतरता त्याच दिवशी, १० मेला, बंद होते.

राहिला शेवटचा रविवार. विमान रात्रीचं आहे, तेव्हा सकाळी ट्रेवीचं कारंजं पाहा, नंतर दुपारी पँथिऑन. दोन्ही जवळजवळ आहेत आणि रस्ता सपाट आहे. बॅगा हॉटेलातच ठेवून जा, संग्रहालयं आणि चर्चं मोठ्या बॅगा आत घेत नाहीत. रोमची साधी टॅक्सी चार जणांची असते. तुम्ही पाच माणसं आणि पाच बॅगा, म्हणून मोठी गाडी आदल्या रात्री हॉटेलला सांगून ठरवा. नाहीतर तेर्मिनी स्टेशनहून विमानतळाची गाडी आहे, बत्तीस मिनिटं, माणशी १४ युरो, आणि तिला आरक्षण लागत नाही.